भिंतीपलीकडचा डबा

चारकोपच्या त्या सेक्टरात जुन्या बैठ्या घरांमधून एक गल्ली जायची. समोरून सायकल आली तर माणसाला भिंतीला चिकटावं लागे, इतकी अरुंद. तिथून कुंदा तीन वर्षं रोज दुपारी पलीकडे जाऊन थोरल्या बहिणीला, वनमालाला, भरवायची. लकव्यानं वनमालाची एक बाजू गेली, वाचा गेली. हट्ट तेवढा शाबूत राहिला. कुंदाशिवाय कुणाच्या हाताला ती तोंड उघडत नसे. अगदीच झालं तर चहातलं बिस्किट.

मग कुंदाच्या बाजूची घरं पाडून टॉवर बांधायचं ठरलं. नकाशे आले आणि कुंदा त्यांच्यावर अशी तुटून पडली की बिल्डरच्या माणसाला घाम फुटला. ओट्याची उंची, देवघराची दिशा, सगळं तिनं पट्टी लावून तपासलं. फक्त पहिल्या पानावर, जिथं आवाराची हद्द होती आणि गल्लीच्या तोंडावर भिंत, तिथं न वाचता सही ठोकली. त्यात तिचा फ्लॅट कुठं होता!

बांधकाम होईतो ती वनमालाच्या शेजारीच भाड्यानं राहिली. बाराव्या मजल्यावर गेली आणि दोन मिनिटांची वाट दोन किलोमीटरांची झाली. गुडघे कामातून गेलेले. रिक्षावाले "एवढ्याला नाय" म्हणून पुढे जात.

"देवा, मला सोड ना रे आक्काकडे," ती मुलाला म्हणाली. देवदत्त सोसायटीचा सेक्रेटरी.

"आई, रोज कुठं जमणार? डबा पाठव ना. रविवारी जाऊ आपण."

रविवार काही उजाडला नाही. डबा मात्र रोज गेला. वॉचमन विकी स्टुलावर चढून तो भिंतीपलीकडे द्यायचा आणि वनमालाला सांभाळणारी नलिनी घ्यायची. संध्याकाळी डबा घासूनपुसून परत. कुंदाला कोण आनंद! लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायची, "आक्का आता नलिनीच्या हातचं घेते, शीतसुद्धा टाकत नाही हो."

तीन महिन्यांनी एक रिक्षावाला भला निघाला. कुंदा घावणे आणि नारळाचा रस घेऊन पोचली. खाटेवर वनमाला होती म्हणायची एवढंच. नुसती हाडं आणि कातडी.

"अगं, रोजचा डबा?"

नलिनी पदराशी चाळा करत राहिली. "माझ्या हातचं घेत नाहीत, मावशी. अन्न टाकवेना. मीच खायची."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर डबा बंद झाला असता."

कुंदाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण नकाशावरची सही नलिनीची नव्हती.

"पहिला महिना दाराकडे बघायच्या," नलिनी म्हणाली. "वाटलं असेल, नवीन घर मिळालं, विसरली."

कुंदानं घावण्याचा तुकडा रसात बुडवला आणि ओठांशी नेला. "आक्का, मी आहे गं. कुंदा."

वनमालानं तिला नीट ओळखलं. मग तोंड घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवली.