नव्या मोटारीची किंकाळी

मल्लेश्वरमच्या त्या एरवी सुस्त आडरस्त्यावर शनिवारी सकाळी साडेआठ वाजता इतकी माणसं लोटली होती, की दूधवाल्यानं सायकल कुंपणाला टेकवली आणि तोही बघ्यांत सामील झाला. गर्दीच्या मधोमध उमाकांतची नवी कोरी मोटार बॉनेटचा जबडा वासून उभी होती आणि किंचाळत होती.

"किंऽऽऽईऽऽऽ!"

ऐकणाऱ्याच्या दातांना झिणझिण्या याव्यात असा तो आवाज होता. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. उमाकांत घामेजल्या चेहऱ्यानं स्टिअरिंगमागे बसला होता, आणि मोटारीभोवती भगवी कफनी घातलेले आप्पाजी महाराज प्रदक्षिणा घालत होते.

"ॐ यंत्राय नमः! ॐ चक्राय नमः! ॐ पेट्रोलाय नमः!" महाराज गरजले. "कोण आहेस? बोल! का आक्रोश करतोस?"

मोटार म्हणाली, "किंऽऽऽईऽऽ!"

"ऐकलंत? नाव सांगायला लाजतो आहे."

महाराजांनी कमंडलूतलं तीर्थ टपावर शिंपडलं, चाकांवर शिंपडलं आणि शेवटी उघड्या बॉनेटच्या बाजूला वाकून तोटीची सबंध धार आत सोडली. आवाज एकदा घोगरा झाला, अडखळला आणि थांबला. इंजिन आता शहाण्या मुलासारखं गुरगुरत होतं. आत उडालेल्या पाण्याचे शिंतोडे पुढच्या रांगेवर आले, ते लोकांनी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावले. 'महाराज की जय' अशी आरोळी उठली आणि तीन-चार जणांनी मडगार्डलाही नमस्कार करून घेतला.

मग महाराजांनी डोळे मिटून निकाल दिला. "या घरात एक विधवा आहे. दसऱ्याला ती या वाहनात पुढं बसली. तिच्या नवऱ्याचा आत्मा तिच्यामागोमाग आत शिरला. ती या घरात आहे तोवर तो पुन्हा पुन्हा येणार. उद्या रविवार, उत्तम दिवस. तिला सासरी पोचवा. आणि शुद्धीसाठी गाडी एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, आमच्या मठात राहू दे. आम्ही स्वतः तीतून फिरून तिला पवित्र करू."

सगळ्यांच्या माना पायरीवर उभ्या असलेल्या मथुरेकडे वळल्या.

मथुरा उमाकांतची धाकटी बहीण. बाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि भावाकडे बंगळूरला आली. तीन वर्षं रडतखडत नव्हे, तर चांगली पहिल्या वर्गात पास होत तिनं कॉलेज केलं होतं. येत्या मार्चमध्ये बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा होती आणि पुढं शाळेत शिकवायचं तिनं ठरवलं होतं. मिरजेजवळच्या सासरी परत जाणं म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पुस्तकं माळ्यावर आणि ती चुलीपुढं, जन्मभर. आणि नवऱ्याच्या आत्म्याचं म्हणाल, तर श्रीकांत बिचारा जिवंतपणी चहात साखर नसली तरी बोलायचा नाही. असला माणूस मेल्यावर मल्लेश्वरमात येऊन, सकाळी बरोबर साडेआठला, परक्या लोकांपुढं गळा काढील, हे काही तिला पटेना. पण दादाचा मात्र तिला भरवसा वाटेना.

कारण दादा महाराजांच्या शब्दाशब्दाला मान डोलावत होता. सरकारी कारखान्यातला हा इंजिनिअर, इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक दिसला तर अख्खा माल परत पाठवणारा. पण मोटारीपुढं त्याची अक्कल पार आटली होती. सात वर्षं नंबर लावून मिळालेली गाडी! मे महिन्यात ती दारात आली तेव्हा त्यानं रात्रभर तिच्यावर चादर घातली होती, आणि मथुरेला वाटतं, अंगाई तेवढी म्हणायची राहिली होती. दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी गाडी किंचाळू लागली. गाडीला सहा महिन्यांची वॉरंटी होती, म्हणून तो दोनदा एजन्सीच्या वर्कशॉपमध्ये धावला. दोन्ही वेळा तिथं पोचेपर्यंत गाडी गप्प. फोरमन म्हणाला, "सार, आवाज नाही तर दोष नाही. दोष नाही तर वॉरंटी कशाची?" आणि 'गाडी ठीक आहे' अशा कागदावर सही घेऊन त्यानं त्याची बोळवण केली.

मग शेजारचे शेषगिरीअण्णा धावून आले. अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडं आलेलं. तीनशे वर्षांत त्यांच्या मराठीत कन्नड मुरलं होतं आणि लोकांच्या भानगडीत पडायची हौस मात्र अस्सल राहिली होती. "उमाकांत, मेकॅनिकच्या हातातलं नाही हे," अण्णा म्हणाले होते. "स्वल्प श्रद्धा ठेवा. आप्पाजी महाराजांनी आमच्या साडूची लॉरी बरी केली की हो!" आणि मंगळवारी महाराज पहिल्यांदा आले.

गर्दी पांगल्यावर सुलभावहिनी डोळे पुसत मथुरेपाशी आली. "मला काही पटत नाही हो वन्सं. पण हे उद्या रात्रीचं तुमचं आगगाडीचं तिकीट काढायला निघालेसुद्धा. म्हणतात, चार महिनेच, मग परत आणू."

"परत कुणी आणलंय आजवर कुणाला?" मथुरा म्हणाली.

ती खाली उतरली आणि मोटारीपाशी गेली. महाराजांनी टपावर, चाकांवर थेंब थेंब शिंपडलं होतं. पण आत मात्र धार सोडली होती. मंगळवारीही असंच. जमिनीवर थारोळं होतं ते फक्त इंजिनाखाली, पुढच्या बाजूला. आत्मा सगळ्या गाडीत असेल, तर पाणी एकाच जागी का? आणि आणखी एक गोष्ट तिला आठवली. मंत्र म्हणता म्हणता महाराज उमाकांतला मध्येच म्हणाले होते, "चोक ओढा. आता हलकेच सोडा." हिमालयात बारा वर्षं तप केल्याचं सांगणाऱ्या माणसाला चोक कुठं भेटला?

मग तिनं मनाशी दुसरा हिशेब मांडला. गाडी किंचाळते ती सकाळी, गार असताना. वर्कशॉप शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं पोचेपर्यंत इंजिन तापतं आणि आवाज जातो. रोगी बरा झाल्यावर डॉक्टरकडं नेला, तर डॉक्टर काय सांगणार? दुपारी तिनं बस पकडली आणि एजन्सीच्या फोरमनपुढं जाऊन उभी राहिली. विश्वेश्वर नावाचा तो तेलकट, ढेरपोट्या माणूस आधी हसला.

"अम्मा, उद्या आयतवार आहे."

"आवाज आयतवारीही येतो. तुम्ही 'दोष नाही' असं लिहून दिलंय. सकाळी साडेआठला येऊन ऐका. आवाज नसेल तर मी तुमची माफी मागेन. असेल तर तुमची वॉरंटी अजून वीस दिवस शिल्लक आहे. एकदा का गाडी अठ्ठेचाळीस दिवस मठात गेली, की तीही संपली."

विश्वेश्वरनं हसू आवरलं. "सरी, येतो," तो म्हणाला.

रविवारी गर्दी दुप्पट होती. मठाच्या वाटेवर स्टेशनात उतरवायची म्हणून मथुरेची ट्रंक डिकीत ठेवलेली, उमाकांत मान खाली घालून उभा, आणि महाराजांचे दोन शिष्य गाडी न्यायला तयारच. विश्वेश्वर कोपऱ्यात बिडी विझवत होता. उमाकांतनं गाडी सुरू केली.

"किंऽऽऽईऽऽऽ!"

महाराज कमंडलू घेऊन पुढं झाले. तोच मथुरा आडवी आली.

"महाराज, शेवटचा दिवस आहे माझा. एक इच्छा पुरवाल? तुमचं तीर्थ आज माझ्या हातानं घालू द्या. मागच्या चाकावर, डिकीवर, सगळीकडं. आत्मा माझ्याच नवऱ्याचा ना? माझं ऐकेल."

लोक कळवळले. "घालू द्या हो," असा गलका झाला. महाराजांना नाही म्हणता येईना. मथुरेनं अख्खा कमंडलू मागच्या बाजूला रिकामा केला, शेवटच्या थेंबापर्यंत. मोटार आणखी जोरात किंचाळली.

"विधवेचा हात लागला!" महाराज ओरडले. "तीर्थ बाटलं!"

"बरं. मग हे बघू." मथुरेनं वहिनीच्या हातातून पितळी तांब्या घेतला. "हे नळाचं पाणी. सकाळी सात वाजता म्युनिसिपालिटीनं सोडलेलं." ती इंजिनाच्या बाजूला वाकली आणि जिथं महाराज धार सोडत तिथंच तिनं धार सोडली.

आवाज घोगरा झाला, अडखळला आणि थांबला.

मग जे झालं, त्याची मथुरेला कल्पनाच नव्हती. शेषगिरीअण्णांनी हात जोडले आणि ते चक्क तिच्या पायांशी वाकले. "अक्का! तुमच्यात अंश आहे! आम्ही ओळखलंच नाही!" मागच्या दोन बायका कुंकवाचा करंडा शोधू लागल्या. एकीनं तर लगेच आपल्या गुडघेदुखीचं विचारलं.

"उठा अण्णा!" मथुरा आता खरोखर चिडली. "कालपर्यंत मी अवदसा, आज देवी. मधे कुठं माणूस म्हणून थांबाल की नाही? दादा, इंजिन चालू ठेव."

पाच मिनिटं गेली. पाणी वाळलं आणि किंकाळी परत आली. मथुरेनं भरलेला तांब्या अण्णांच्या हातात दिला. "घाला. इथं, पंख्याशेजारी. हात सांभाळा."

"अय्यो, मी?"

"तुम्हीच."

अण्णांनी धार सोडली. आवाज थांबला. अण्णा स्वतःच्या हाताकडं बघत राहिले.

"आता अण्णांतही अंश आहे का?" मथुरेनं विचारलं. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या वेळी दूधवाला पुढं आला आणि त्यानंही भूत उतरवलं. मग मात्र हसण्याचा लोट उसळला.

विश्वेश्वरनं इंजिन बंद करायला लावलं, बाही वर केली आणि आतल्या रबरी पट्ट्यावरून बोट फिरवलं. पंखा आणि डायनामो फिरवणारा तो पट्टा. बोट बाहेर आलं ते लालभडक, तेलकट.

"सार, हे काय?"

उमाकांतनं बोट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आता सारं उघड झालं. खंडेनवमीला कारखान्यात प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागतं. घरच्या मोटारीला नुसतं बॉनेटवर गंध लावणं इंजिनिअरच्या मनाला कसं पुरणार? त्यानं बॉनेट उघडून प्रत्येक भागाची नावानिशी पूजा केली होती, पट्ट्याचीसुद्धा. आणि पाण्यातलं कुंकू इंजिनाच्या उष्णतेनं वाळून गळून पडेल, म्हणून विचारपूर्वक ते तेलात कालवून घेतलं होतं, चांगलं वाटीभर. दोन-तीन दिवस गाडी फिरली तसं ते तेल-कुंकू पट्ट्यावर घोटून बसलं. गार असताना पट्टा चाकावर घसरे आणि किंचाळे. तापला की पकड घेई. पाणी पडलं की थोडा वेळ गप्प बसे. एवढाच तो आत्मा.

"वॉरंटीत कारखान्याची चूक बसते, सार," विश्वेश्वर गंभीरपणे म्हणाला. "भक्ती बसत नाही. पट्टा तुम्हालाच घ्यावा लागेल." मग काहीच झालं नसल्यासारखा तो सटकू पाहणाऱ्या महाराजांकडं वळला आणि गॅरेजमधल्या गप्पांच्या सुरात विचारलं, "काय गुरू, लॉरीवर क्लीनर किती वर्षं?"

"ओंबत्तु," महाराज सवयीनं बोलून गेले, आणि बोललेलं गिळायला उशीर झाला होता. नऊ वर्षं! गर्दीला कन्नड चांगलं येत होतं. महाराजांनी खडावा हातात घेतल्या आणि संपिगे रोडच्या दिशेनं इतक्या वेगानं प्रस्थान ठेवलं, की शिष्यांनाही गाठता येईना. अण्णा पुटपुटले, "साडूची लॉरीसुद्धा पट्ट्याचीच असणार की हो," आणि घरात गेले.

उमाकांत बहिणीपुढं आला. "मथू, चुकलो मी. तू कुठंही जायचं नाहीस. कारण सापडलं, सुटलो आपण."

लोक अजून पांगले नव्हते. मथुरेचा आवाज चढला नाही, पण तो शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"दादा, कारण सापडलं म्हणून मी सुटले. आणि सापडलं नसतं तर? मी आज रात्री आगगाडीत बसलेली असते. पट्टा ओरडला, तर तुम्ही सगळ्यांनी आधी घरातली बाई पाहिली. पट्टा कुणीच पाहिला नाही. सगळ्याच गोष्टींची कारणं आपल्याला कळणार नाहीत. नाही कळलं, तर 'माहीत नाही' म्हणावं, त्यात कमीपणा नाही. शोधत राहावं. पण कळत नाही म्हणून कुणाच्या तरी कपाळाकडं बोट दाखवू नये. गाडी गप्प झाली नसती, तरी माझा दोष तितकाच असता, म्हणजे काहीच नाही. एवढं तरी मान्य आहे का तुला?"

उमाकांतच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं लोकांपासून लपवलंही नाही. मान हलवून त्यानं डिकी उघडली, तिची ट्रंक काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि भर गर्दीतून तो घराच्या पायऱ्या चढू लागला.