तिला काय चालतं

कोळंबी कढईत पडली आणि आचाऱ्याने मनातल्या मनात दोन मिनिटं मोजली. आकड्यासारखी वळली की उतरवायची, नाहीतर तिचं रबर होतं. शेजारच्या पातेल्यात शिंपले वाफेवर होते. तोंड उघडतील ते घ्यायचे, मिटून राहतील ते टाकायचे.

बत्तीस वर्षं त्याने जहाजावर रांधलं होतं. तिथे कोण कधी जेवायला येईल याचा नेम नसे. मासा कुठलाही असो, मोठ्या टोपात रस्सा. निवृत्त होऊन घरी बसल्यावर त्याला माशांचे स्वभाव कळू लागले. पातळ मासा तव्यावर, जाड तुकडा रश्श्यात. खाणारा मात्र एकटाच. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. लेक दुसऱ्या शहरात. आज कामासाठी इकडे आली होती आणि दुपारी जेवून जाणार होती.

दार उघडलं तर ती उंबऱ्यावरच थांबली.

"काय शिजतंय, बाबा?"

"शिंपले, कोळंबी. तुझ्यासाठी बाजारातून निवडून आणली."

तिने ओढणी नाकाला लावली. "खिडकी उघडता का जरा? मला हे चालत नाही हो. अंगावर गांध्या उठतात, घसा बंद होतो."

"कधीपासून?"

"चौथीत होते. तीन दिवस दवाखान्यात काढले."

"मला कोणी कळवलं नाही."

"आई म्हणाली, एवढ्या लांब त्यांच्या जिवाला घोर कशाला. मग राहूनच गेलं."

आईला ती 'अगं आई' म्हणायची. त्याला 'अहो बाबा'. हे त्याच्या आज ध्यानात आलं.

"मासा चालतो?"

"मासा चालतो. वाफवा फक्त, आई करायची तसा."

आई कसा करायची ते त्याला ठाऊक नव्हतं. तो रजेवर आला की बायको त्याच्या आवडीचं तळलेलंच करायची. त्याने कढई आणि पातेलं झाकून गॅलरीत नेलं, हात कोपरापर्यंत दोनदा धुतले, ओटा पुसला, कोरं भांडं काढलं. उद्यासाठी ठेवलेला मासा फ्रिजमध्ये होता. घरातला वास जाईपर्यंत लेक जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिथूनच सांगत राहिली. आलं, मीठ, वरून लिंबू. दहा मिनिटं. सुरी टोचून बघायची, काट्यापासून सुटला की झाला.

"बरं," म्हणत त्याने नवशिक्यासारखं सगळं ऐकलं.

ती जेवायला बसली. तो समोर नुसताच बसला. त्याचं जेवण गॅलरीत होतं.

"चांगला झालाय."

"आईसारखा?"

तिने घास संपवला. "आईचा जरा जास्तच शिजायचा."

दोघंही थोडंसं हसले.

तिची गाडी चारची होती. ती चपला घालत असताना त्याने विचारलं, "आणखी काय काय चालत नाही तुला?"

ती पट्टा लावता लावता थांबली.

"बाकी सगळं चालतं, बाबा."

तिची पावलं खालच्या दारापर्यंत ऐकू आली. मग त्याने गॅलरीतून कढई आणली. कोळंबी गार झाली होती. टेबलावर तिचं ताट तसंच होतं, कडेला माशाचा काटा अखंड काढून ठेवलेला. त्याने ते ताट हलवलं नाही. तिच्या ताटासमोर आपलं वाढून घेतलं आणि जेवायला बसला.