सिस्टर गेल्या

"काका, मान आखडली का?" वॉचमनने विचारलं.

"नाही."

"मग तिकडं कुठं बघत चाललाय? तिकडं नुसती भिंत आहे."

"भिंतच बघतोय," काका म्हणाले आणि भिंत बघत बघत बागेत शिरले.

बागेच्या फाटकातून आत येताना डाव्या हाताला फळा लागतो आणि उजव्या हाताला भिंत. गेले चार महिने काका रोज सकाळी सहाला भिंत बघत आत येत. एखाद्या भिंतीकडे इतक्या निष्ठेने पाहणारा माणूस गवंडी सोडला तर दुसरा सापडायचा नाही. फळा न वाचणं हे त्यांचं तत्त्व होतं, आणि तत्त्व म्हटलं की थोडी झळ सोसावी लागते. त्या दिवशीची झळ हिरव्या रंगाची होती.

ते नेहमीच्या बाकावर बसले. दहा मिनिटं पाय हलवले, आजूबाजूला कुणीच कसं बसलेलं नाही याचं नवल केलं आणि उठले. पांढऱ्या पँटवर मागे पाच आडवे पट्टे उमटले होते.

"काका, तुमची वही झाली की!" समोरून चाललेला इस्त्रीवाला ओरडला. "रेघा मारून मिळाल्या. आता लिहा काय लिहायचं ते!"

तेवढ्यात सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या या बाईंना गल्लीत सगळे सिस्टरच म्हणत.

"अहो, मी फळ्यावर लिहिलं होतं ना? 'बाक ओला. बसू नका.'"

"माझ्या वाचनात आलं नाही."

"बरं. घरी जाऊन टर्पेंटाइन लावा. पाणी लावू नका, पसरेल."

"माहीत आहे मला," काका म्हणाले आणि घरी जाऊन त्यांनी पाणी लावलं.

*

या भांडणाचं मूळ सांगायला हवं. भांडण म्हणायचं ते काकांच्या बाजूने. दुसऱ्या बाजूला तसं काही चालू आहे याची खबरच नव्हती.

काका पाणीखात्यात एकतीस वर्षं पत्रं लिहीत होते. तिथे 'सदर' हा शब्द त्यांना चिकटला तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. म्हणून गल्लीत ते सदरकाका. काकू सांगायच्या की लग्नानंतर त्या माहेरी गेल्या तेव्हा काकांचं पत्र आलं होतं : "तुझे दिनांक चारचे पत्र पोहोचले. सदर पत्रातील दुसरा मुद्दा, म्हणजे आठवण, याबाबत माझ्याकडूनही तशीच परिस्थिती आहे." काकूंनी ते अजून जपून ठेवलंय. पाहुणे आले की हसायला काढतात.

तर बागेचा फळा बारा वर्षं काकांकडे होता. खडूपेटी वॉचमनच्या खोलीत असायची. काका रोज सकाळी ती मागून घ्यायचे, फडक्याने फळा पुसायचे आणि बागेतल्या घडामोडी जनतेस कळवायचे. वाचत कुणी नसे. पण सूचना देणं वेगळं आणि ती वाचली जाणं वेगळं, हे एकतीस वर्षांच्या नोकरीने त्यांना शिकवलं होतं.

मग एकदा फळ्याशेजारच्या पायऱ्यांतली तिसरी निखळली. काकांनी लिहिलं : "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर उद्यानाच्या प्रवेशद्वारालगत असलेल्या पायऱ्यांपैकी तिसरी पायरी सद्यःस्थितीत निखळलेली असून, सदर पायरीचा वापर करणाऱ्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर करावा."

निवृत्त बसड्रायव्हर हे वाचत वाचत पायऱ्या उतरला. 'सद्यःस्थितीत'पाशी तो दुसऱ्या पायरीवर होता. 'जबाबदारीवर' त्याने जमिनीवरून वाचलं.

गल्लीत नुकत्याच राहायला आलेल्या सिस्टर तिथूनच चालल्या होत्या. त्यांनी ड्रायव्हरचा घोटा बांधला. मग उठून सगळा फळा तळहाताने पुसून टाकला आणि लिहिलं, "पायरी मोडली. जपून."

त्यानंतर कुणी पडलं नाही. काकांना त्याचं फार वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट वाटलं ते तळहाताचं. बारा वर्षांचं काम, निदान फडक्याने तरी पुसावं!

दुसऱ्या दिवशी वॉचमनने खडूपेटी परस्पर सिस्टरांनाच दिली. तेव्हापासून लोक फळ्यासमोर थांबू लागले. "माळ्याला ताप. झाडांना तुम्हीच पाणी घाला," असं लिहिलं तर लोक घरून बाटल्या भरभरून आणायला लागले. काकांच्या सूचनेवरून बारा वर्षांत कुणी साधी छत्री आणली नव्हती.

घरातही शांतता नव्हती.

"आज काय लिहिलंय माहितीय?" काकू चहा देताना विचारत.

"सांगू नकोस."

"बरं." मग जरा वेळाने, "कुत्री व्यायलीय. दूध ठेवा."

"सांगू नको म्हटलं ना!"

"तुम्हाला कुठं सांगतेय? मी कपाला सांगतेय."

काका बशीत चहा ओतत. मग हळूच विचारत, "ऱ्हस्वदीर्घ बरोबर होतं का?"

"अहो, चार शब्दांत किती चुकणार ती?"

"म्हणूनच चार लिहिते. लबाड आहे."

"मग तुम्ही लिहून दाखवा की चार."

"मनात आणलं तर दोनात लिहीन."

"तुम्ही? तुम्हाला शिंक आली तरी आधी विषय लिहाल आणि मग शिंकाल."

हे मात्र काकांना लागलं. काकू दुपारी आडव्या झाल्या की ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सराव करू लागले. "पाणी बंद" एवढं लिहून थांबायचं ठरवत. पण पेन थांबत नसे. "ठेवण्यात येईल" हे ते आपणहूनच लिहून टाकी.

*

बाक हिरवा झाल्याला आठवडा झाला होता. काका भिंत बघत आत येत असताना वॉचमन आडवा आला. हातात खडूपेटी.

"घ्या काका. सिस्टर गेल्या."

"गेल्या? कुठं?"

"बहिणीकडं. पहाटेच्या गाडीनं. चार दिवस नाहीत. फळा तुम्हीच बघा."

एवढं सांगून वॉचमन पाळी संपली म्हणून घरी झोपायला गेला.

काका चार महिन्यांनी प्रथमच फळ्यासमोर उभे राहिले. खडूचा एक तुकडा मोडून त्यांनी बोटांत धरला. जनतेला दोनच गोष्टी कळवायच्या होत्या. बाई नाहीत ही एक, आणि कारभार पुन्हा जुन्या हाती आला ही दुसरी. आणि थोडक्यात कळवायच्या होत्या. त्यांनी श्वास रोखला, लिहिलं, आणि पेनाला जमलं नव्हतं ते खडूला जमलं :

"सिस्टर गेल्या. फळा पूर्ववत."

चार शब्द, दोन पूर्णविराम. आणि 'सदर' एकही नाही! काका सहा पावलं मागे गेले, लांबून बघितलं, परत आले आणि पहिला पूर्णविराम जरा ठळक केला.

दिवसभर त्यांनी घरी कुणाला काही सांगितलं नाही. लोकांच्या तोंडून ऐकण्यात गंमत असते. काकू चार वाजताच घाईघाईने कुठेशा गेल्या, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी ते पट्ट्यांची पँट घालून, म्हणजे पाण्याने पसरून पट्ट्यांचं जे काही झालं होतं ती पँट घालून, कौतुक घ्यायला बागेत गेले.

बागेत हीऽ गर्दी. सगळे माना खाली घालून उभे.

"काय झालं?" काकांनी बसड्रायव्हरला हळूच विचारलं.

"सिस्टर गेल्या."

"ते मला माहीत आहे."

"तुम्हालाच आधी कळलं ना. तुमचंच अक्षर." ड्रायव्हरने डोळे पुसले. "घराला कुलूप. कुठं नेलं, कधी नेलं, काय पत्ता नाही हो. फळ्यावरचं पहिलं वाक्य वाचलं आणि पुढचं वाचवेनाच."

काकांनी तोंड उघडलं. आता सांगून टाकायला हवं होतं. पण तेवढ्यात इस्त्रीवाला बोलायला उभा राहिला, आणि दुसरा बोलत असताना मधे तोंड घालणं काकांच्या स्वभावात नव्हतं. निदान नंतर त्यांनी कारण असं दिलं.

खरं कारण असं की ते माणसं मोजत होते.

त्रेसष्ट भरली. दोनदा मोजली तरी त्रेसष्ट. काका निवृत्त झाले तेव्हा निरोपाला नऊ माणसं होती, आणि त्यातली दोन शिडीवर पंखा दुरुस्त करत होती. इथे त्रेसष्ट! त्यांच्या छातीत काहीतरी कडवट वर आलं. खरोखरची मेलेली असती तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण जी बाई मेलेलीसुद्धा नाही, तिला त्रेसष्ट?

निदान कुणीतरी एक जण तिच्याबद्दल वाईट बोलेल, तेवढं ऐकून मग खुलासा करू, असं त्यांनी ठरवलं.

"फटकळ होत्या," इस्त्रीवाला म्हणाला. काकांनी कान टवकारले. "मला तोंडावर म्हणाल्या, दारू सोड नाहीतर मर, मला दोन्ही चालेल." त्याने हात जोडले. "सोडली हो मी."

या बाईचा दोषसुद्धा धड दोष नव्हता.

मग कुणाचा रक्तदाब, कुणाची सून, कुणाचं नातवंड, असं एकेक निघत गेलं. पाव तास झाला. आणि पलीकडच्या झाडाखाली काकांना काकू दिसल्या. चष्मा हातात धरून त्या रडत होत्या. चाळीस वर्षांत त्यांना असं रडताना काकांनी पाहिलं नव्हतं. आपण गेल्यावर ही इतकी रडेल का? काकांनी मनातल्या मनात दोन्ही ताळे जुळवून पाहिले. जुळेनात.

"काका, तुम्ही बोला दोन शब्द," ड्रायव्हर म्हणाला. "तुमचं त्यांचं पटत नव्हतं, तरी पण."

काका पुढे झाले. त्यांनी घसा साफ केला.

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की," सगळ्यांनी माना आणखी खाली घातल्या, "सदर सिस्टर या आपल्या भगिनीकडे चार दिवसांच्या मुदतीकरिता गेल्या असून, सदर मुदत संपताच त्या परत येणार आहेत, कारण त्या हयात आहेत."

माना खालीच राहिल्या.

"छान बोललात," ड्रायव्हर नाक ओढत म्हणाला.

काकांचं वाक्य शेवटपर्यंत ऐकण्याची सवय जगात एकाच व्यक्तीला होती. ती झाडाखालून म्हणाली, "काय? शेवटचं परत म्हणा."

"हयात आहेत."

मग जो काही गलका झाला तो इथे देत नाही.

"काका, माणूस बाहेरगावी गेलं तर 'गेल्या' लिहितात का हो?" इस्त्रीवाला दोन्ही हात वर करून ओरडत होता.

"गेल्या नाहीत तर काय झाल्या?" काका म्हणाले. व्याकरणाच्या बाजूने ते आजही निर्दोष आहेत.

*

पाचव्या दिवशी सकाळी काका बागेत आले तेव्हा सिस्टर हिरव्या बाकावर बसल्या होत्या. वॉचमनने सगळं सांगितलेलं दिसत होतं. काका खडूपेटी हातात घेऊन उभे राहिले.

"मारलंत ना मला?"

"गैरसमजातून झालं ते. सदर वाक्यात…"

"बसा हो. वाळलाय आता."

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"किती जण होते?"

काकांना 'वीसेक' म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"त्रेसष्ट," ते म्हणाले.

"मोजलेत?"

"दोनदा."

सिस्टरांनी बाकाच्या हिरव्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तिकडं बहिणीच्या गल्लीत मला दूधवाला सोडला तर कुणी ओळखत नाही."

"चार दिवसांत कसं ओळखतील?"

"ओळखायला लागतील. ती अंथरुणाला खिळलीय. तिला दुसरं कुणी नाही. सोमवारी जाणार मी, कायमची."

दारावर सगळा जोर लावावा आणि कुणीतरी आतून कडी काढावी, तसं काकांचं झालं. ते खडूपेटीचं झाकण उघडत राहिले, मिटत राहिले.

"फळा तुमचाच होता," सिस्टर म्हणाल्या. "पण या वेळी बघून लिहा. एका माणसाला दोनदा मारत नाहीत."

सोमवारी फाटकाशी गर्दी झाली. काकांनी या वेळी मोजली नाही. सिस्टरांच्या हातात एक बॅग आणि एक रोप. सगळ्यांशी बोलून झाल्यावर त्या फळ्यापाशी उभ्या असलेल्या काकांकडे वळल्या.

"बरंय. येते हं, सदरकाका."

सिस्टरांनी काकांना या नावाने प्रथमच हाक मारली होती.

रिक्षा वळली. लोक पांगले. काकांनी खडू घेतला. "सर्व संबंधितांस" एवढं मनात आलं आणि ते तिथेच थांबले. आपल्याकडे निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही. हे काकांना जन्मापासून माहीत होतं. पण आज त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनी लिहिलं :

"सिस्टर 'येते' म्हणाल्या."

कुणाचाही गैरसमज झाला नाही. बसड्रायव्हर फळ्यासमोर थांबला आणि टोपी हातात घेऊन पुन्हा एकदा वाचून गेला.

"वा काका!" वॉचमन म्हणाला. "अगदी सिस्टरसारखं लिहिलंत!"

काकांच्या छातीत पुन्हा ते कडवट वर आलं. आयुष्यात एक वाक्य जमलं, तर तेही बाईच्याच नावावर.

दुसऱ्या दिवशी बागेचा नळ बंद राहणार होता आणि तसं कळवणं भाग होतं. काकांनी फडकं उचललं, फळ्यापर्यंत नेलं आणि परत खिशात ठेवलं. त्या तीन शब्दांखाली चारेक बोटं जागा होती. तिथे वाकून, बारीक अक्षरात, त्यांनी सर्व संबंधितांस नळाबद्दल कळवायला सुरुवात केली. जागा अपुरी पडली, म्हणून 'सदर' गाळावं लागलं.