शिल्लक शून्य

सलग नऊ आठवडे आमच्या घरी रात्रीच्या जेवणातलं काहीही उरलं नाही. त्याच नऊ आठवड्यांत आईचं वजन अठ्ठेचाळीस किलोंवरून पंचेचाळीसवर आलं.

पहिली नोंद माझ्या वहीतली आहे, दुसरी डॉक्टरांच्या कागदावरची. त्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, हे मला फार उशिरा सुचलं.

मी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. साडेसहाला घरी पोचते आणि दार उघडताच एकच प्रश्न माझी वाट पाहत असतो : आज काय करायचं? त्याचं उत्तर द्यायला घरात कोणी पुढे येत नाही. दिलेल्या उत्तरावर मत मात्र प्रत्येकाचं असतं. थोरलीला वांगं चालत नाही, धाकट्याला अंड्याखेरीज काही चालत नाही, नवरा वीजकेंद्रातल्या पाळीहून येतो आणि ‘काहीही कर’ म्हणतो. त्या ‘काहीही’त काय काय बसत नाही, ते पान वाढल्यावरच कळतं. अंदाज चुकला की उरलेलं डब्यांत जाई, डबे फ्रिजमध्ये आणि रविवारी सगळं कचऱ्यात. एका रविवारी मी सात डबे रिकामे केले. सातव्याला बुरशी आली होती. मी ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिले. आई मागून आली, तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि घासून टाकला.

आई म्हणजे माझी आई. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे राहते. तिने तीस वर्षं शिवणकाम केलं. कापड वाया घालवणाऱ्या माणसाविषयी तिचं मत काय होतं, ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

त्या रविवारनंतर मी पद्धत बसवली. आठवड्याचा तक्ता फ्रिजच्या दारावर लावला. शिजवलेलं सगळं काट्यावर तोलायचं, जेवणं आटोपल्यावर पातेली पुन्हा तोलायची आणि रिकाम्या पातेल्यांचं वजन वजा करून उरलेलं वहीत लिहायचं. पाच माणसांसाठी चोवीसशे ग्रॅमपासून सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात शिल्लक शून्य आली. पण शून्य म्हणजे पुरेसं की कमी, हे नुसत्या शून्यावरून कळत नाही. म्हणून नियम असा ठेवला की आठवडाभर काही उरलं नाही, तर पुढच्या आठवड्यात चाळीस ग्रॅम कमी करायचे आणि कोणाची तक्रार आली की तिथे थांबायचं. नवरा म्हणाला, “पाण्यातले जंतू मोजून पोट भरलं नाही वाटतं, आता आमचे घास मोजणार.” ही चेष्टा होती, तक्रार म्हणून मी ती धरली नाही.

आठ वेळा चाळीस ग्रॅम कमी केले. तक्रार आली नाही. शून्य लिहून वही मिटताना मला जे समाधान वाटे, तसं त्या वर्षात दुसऱ्या कशानेच वाटलं नव्हतं.

आईचे कपडे सैल झाले होते. ते तिने स्वतःच बाजूंनी आत घेतले होते, म्हणून आमच्या लक्षात आलं नाही. गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा वजन कळलं. रक्त तपासलं, साखर तपासली, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, या वयात विनाकारण वजन उतरत नाही, पोटात दुर्बीण घालून पाहावं लागेल. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो आमच्याबरोबर घरी आला. थोरलीने मला आजीचं काय होणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, तपासणीनंतर कळेल. एवढंच मला ठाऊक होतं.

आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. पाचवी ठेवली तर फ्रिजचं दार उघडत नाही. आई पहिल्या दिवसापासून म्हणत आली, “तुम्ही बसा, मी मागून बसते.” आमचं झालं की मी मुलांचा अभ्यास घ्यायला आतल्या खोलीत जाई. आई जेवून, भांडी आवरून हाक मारी आणि मी येऊन पातेली तोले. दुपारी ती चहात बुडवून पावाचे दोन तुकडे खाते. रात्रीचं जेवण हेच तिचं जेवण.

परवा आमचं जेवण संपत असताना दवाखान्यातून फोन आला. दुर्बिणीच्या तपासणीआधी किती तास उपाशी राहायचं, ते आई बाहेरच्या खोलीत एकेक शब्द पुन्हा विचारून लिहून घेत होती. मुलांना त्या दिवशी अभ्यास नव्हता, म्हणून मी आत गेले नाही. मी सवयीने पातेली काट्यावर ठेवली. एकशे चाळीस ग्रॅम. नऊ आठवड्यांतली पहिली शिल्लक. मी वैतागून आकडा लिहिला.

आई आत आली, वहीत डोकावली.

“ते खोड,” ती म्हणाली. “मी जेवायची आहे अजून.”

तिने ते एकशे चाळीस ग्रॅम ताटलीत काढून घेतले. लहान मुलाच्या दोन मुठी भरतील एवढं होतं. पातेलं तिने पावाच्या तुकड्याने पुसून घेतलं. मी विचारलं, एवढंच? ती म्हणाली, पुरतं मला. मी विचारलं, कधीपासून? ती ताटलीकडे बघत म्हणाली, “शून्य लिहिलंस की तुझा चेहरा जरा बरा दिसायचा गं.”

नवऱ्याने गॅलरीतलं स्टूल आणून फ्रिजला टेकवलं. त्यावर कोणी बसलं नाही.

मुलं झोपायला गेल्यावर मी गणित केलं. आम्हा चौघांची पानं आधी वाढली जात आणि आम्ही पोटभर जेवत होतो : एकोणीसशे चाळीस ग्रॅम. पहिल्या आठवड्यात आईसाठी चारशे साठ उरत होते. आठ कपातींनंतर एकशे चाळीस. सगळी कपात एकाच ताटातून झाली होती.

सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांना सांगितलं ते असं : घरात अन्न कमी शिजवलं जात होतं. आई शेवटी जेवत असे आणि कितीही उरलं तरी ते संपवत असे. मी पातेली तोलत होते ती तिचं जेवण झाल्यावर. त्यामुळे शिल्लक रोज शून्य येई आणि ती शून्य आली म्हणून मी पुढच्या आठवड्यात आणखी कमी शिजवत असे.