जांभळ्या वेलीचं माहेर

तळ्यावर जांभळी वेल अशी माजली होती की सकाळच्या धुक्यात पाणी कुठे संपतं आणि काठ कुठे लागतो, कळायचं नाही. त्या धुक्यात बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून वेल उपटत. एकोणीस वर्षं, रोज. ही वेल तळ्यात यांनीच आणली, म्हणून लोकांनी त्यांचं नाव 'वेलवाले' पाडलं होतं. लोकांना काय, नावं ठेवायला निमित्तच हवं असतं!

बाबा मुकाट ऐकून घेत, कारण त्यांनाही तसंच वाटायचं. आईनं माहेराहून जांभळ्या वेलीची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि कुंडीत लावली होती. आई गेली, आणि तिची कुंडी बघवेना म्हणून बाबांनी ती तळ्यात रिकामी केली. पुढच्याच वर्षी तळं जांभळं झालं.

त्यांची मुलगी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कुठलं तण कुठून आलं, हे तिथे डीएनए जुळवून शोधत आणि त्या मूळ जागेला सगळे थट्टेनं 'माहेर' म्हणत. "काय गं, सापडलं का माहेर?" मोठ्या मॅडम येता-जाता विचारायच्या. तिनं तळ्यातून चाळीस ठिकाणची पानं आणली. शिवाय आईच्या शिवणाच्या वहीत दाबलेलं, त्या कुंडीतलं एकुलतं पान. बाबांच्या मनावरचं ओझं एकदाचं उतरावं, एवढंच तिला हवं होतं. आईचं ते पान अर्धं तिनं स्वतःच्या हातानं खलात कुटलं.

चाळीसही पानं एकाच रोपाची निघाली आणि जुळली ती तळ्यात येणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या मत्स्यबीज केंद्राच्या हौदातल्या वेलीशी. आईचं पान अगदी वेगळं.

ती जवळजवळ नाचतच घरी आली. "बाबा, सुटलात तुम्ही! तळ्यातली वेल आपली नाहीच. आईची तिथे रुजलीच नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

तळ्याच्या पायरीजवळचा वेलीचा एक झुबका बाबा कधीच उपटत नसत. त्याच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलत. ते तिला आत्ता आठवलं.

दुसऱ्या दिवशी पायरीजवळचं पाणी मोकळं होतं. बाबा ओल्या पायांनी दारात आले.

"तिचं ते पान... सगळंच कुटलंस का गं?"

"अर्धं आहे, बाबा."

"तेवढं राहू दे," ते म्हणाले आणि चष्म्याचं रिकामं घर उघडून तिच्यापुढे धरलं.