डोंग्याला भोक

इस्तारीनं आयुष्यात सतरा डोंगे कोरले आणि त्यातल्या एकाही डोंग्यात त्यानं पाण्याला वाट ठेवली नाही. अखंड खोडातून कोरलेली ही लांबोडकी होडी. आरमोरीकडच्या तलावांत मासे धरायला एक डोंगा माणसाला अर्धं आयुष्य पुरायचा. आता जाड खोडं मिळत नाहीत. गावातली माणसं ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकतात. इस्तारीचा स्वतःचा डोंगा मधोमध फाटला, तेव्हा बाकीचं लाकूड त्यानं चुलीला दिलं. नाकाचा दीड हाताचा तुकडा मात्र गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवला. शिवणीच्या झाडाचं लाकूड. कुणी कशाला म्हणून विचारलं, तर 'राहू दे' एवढंच म्हणायचा.

उत्तर दिवाळीत मिळालं. नागपूरला शिकणारी त्याची लेक दामिनी घरी आली आणि तिनं त्याच्यासमोर मोबाईल धरला. पडद्यावर एक बाई मांडीवर पाच तारांचं लहानसं वाद्य घेऊन बसली होती.

"बाबा, हे कांतेले. फिनलंडकडचं. तिथं करेलिया म्हणून मुलूख आहे, सगळं जंगल अन् तळी. आपल्यासारखंच, फक्त बर्फ पडते. जुनं कांतेले एकाच लाकडातून कोरत."

इस्तारीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "हा तं डोंगाच हाय वो! एवढुसा."

"एक बोटरी मासोळी बी बसनार नाई त्याच्यात," त्याची बायको गोकुळा चुलीपासून म्हणाली.

दामिनी आणि तिच्या तीन मैत्रिणी ही गाणी शिकत होत्या. शिकवणारी मास्तरीण फिनलंडमधून मोबाईलवर शिकवायची. तिकडची नवी पोरं आजीच्या चाली ड्रम आणि गिटार घेऊन वाजवतात. मास्तरणीनं यांनाही सांगितलं होतं, आमची चाल घ्या, पण तुमच्या घरचं काहीतरी तिच्यात घाला. पुढच्या महिन्यात एका रविवारी चौघींनी आपापल्या घरून तिला वाजवून दाखवायचं होतं. बाकी तिघींकडे वाद्यं होती.

"अना तू?" इस्तारीनं विचारलं.

"मी ऐकत बसीन," दामिनी म्हणाली.

इस्तारी उठला आणि गोठ्यात गेला.

नागपूरहून दामिनीनं कागदावर मापं काढून पाठवली. वीस दिवस इस्तारी अंगणात वाकस आणि पटाशी घेऊन बसला. "पोरीच्या पाळण्याले बी एवढं नाई केलं तुमी," गोकुळा म्हणायची. त्याचं लक्ष नसायचं. पोटातलं लाकूड काढत काढत भिंत बोटभर जाड राहिली. त्याच तुकड्याची पातळ फळी करून त्यानं वर झाकण बसवलं. कागदावर झाकणाच्या कडेला, तारांपासून बाजूला, एक छोटा गोल होता. तो इस्तारीला लगेच कळला. डोंग्याच्या लाकडात खराब गाठ दिसली, की कोळशानं तिच्याभोवती असाच गोल काढायचा आणि तिथं राळ भरायची. त्याला तिथं गाठ सापडली नाही. पोरीनं सांगितलंय म्हणून तिथं उथळ खळगा करून राळ मात्र त्यानं घट्ट भरली आणि सगळे सांधेही लिंपून टाकले.

शनिवारी दामिनी आली. तिनं तारा चढवल्या, सूर लावले आणि छेडल्या. ओल्या पोत्यावर खडा पडावा, तसा आवाज आला.

"मस्त झालं, बाबा," ती म्हणाली.

हा 'मस्त' इस्तारीला ठाऊक होता. लहानपणी बाजारातून तिच्या मापापेक्षा मोठा फ्रॉक आणला होता, तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

"मले बनवू नको. सांग."

दामिनीनं तारांवर तळहात ठेवला. "त्या गोलात भोक पाहिजे होतं. आवाज तिथून बाहेर येते."

"भोक? डोंग्याले?"

"चूक माझी आहे. मी लिहायला पाहिजे होतं."

इस्तारीनं राळेच्या गोलावर बोट फिरवलं. फळी पातळ होती, लाकूड वीस वर्षं वाळलेलं. चिरली तर दुसरी करायला तुकडा उरला नव्हता, आणि रविवार उद्या होता. त्यानं गिरमिट आणलं, टोक राळेवर टेकवलं आणि परत उचललं.

"माह्या हातानं नाई होत," तो म्हणाला.

गोकुळा हात पुसत आली. "दामिनी सहा महिन्यांची होती. तलावाच्या मधात डोंग्याची गाठ निसटली अना पानी आत आलं. आठवते का?"

"आठवते."

"तवा मी काय केली?"

"भोकावर टाच दाबून बसली. काठ येईस्तोवर."

"अना तुमाले वल्हा मारनं सुचेना, तं गानं म्हणत होती मी. मंग आता बी दाबून धरीन. तुमी फिरवा."

तिनं दोन्ही तळहात फळीवर, गिरमिटाच्या दोन बाजूंना टेकवले आणि रोवण्याचं गाणं गुणगुणायला सुरुवात केली. चिखलात बायका धान लावताना म्हणतात ते, एक पाऊल मागे, एक रोप पुढे. इस्तारीचा हात त्या चालीला लागला. आधी राळेचे काळे कण आले, मग पिवळा भुसा. मग गिरमिट एकदम हलकं झालं.

फळी चिरली नव्हती.

दामिनीनं तार छेडली. आवाज अंगण ओलांडून गेला. कुंपणापाशी चरणारी शेळी मान वर करून पाहू लागली. गोकुळा गप्प झाली तशी दामिनी म्हणाली, "माय, थांबू नको," आणि आईच्या मागोमाग बोटं टाकू लागली. गाणं पाच तारांत मावलं. एकही तार कमी पडली नाही.

रविवारी दुपारी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. दामिनी मधे बसली, आई एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला. करेलियाची चाल सुरू झाली आणि दुसऱ्या फेरीला तिच्यात गोकुळाचं रोवण्याचं गाणं शिरलं. मास्तरणीनं डोळे मिटले होते. मधेच आवाज एकदम दबला. इस्तारीचा अंगठा, त्याच्या नकळत, भोकावर जाऊन बसला होता.

गोकुळानं गाणं न थांबवता, मोबाईलवरची नजर न हलवता, लेकीच्या पाठीमागून हात नेऊन त्याच्या मनगटावर चापट मारली. इस्तारीनं अंगठा उचलला आणि गाणं संपेपर्यंत मुठीत धरून ठेवला.