मागच्या दोन सोंगट्या

रविवारी जेवण आटोपून ड्रायव्हर फोन घेऊन खिडकीशी बसला, तेव्हा त्याची लेक आतल्या खोलीत आईचं कपाट आवरत होती.

"बाबा, हे पांढरे कोट ठेवायचे की द्यायचे?" तिने आतून विचारलं.

"नंतर सांगतो. आता सामना आहे."

"सामना काय सारखाच असतो तुमचा."

"आजचा हरलो तर स्पर्धेच्या पहिल्या गटातून खाली," तो म्हणाला. "तुझी आई गेली तेव्हा आम्ही पहिल्या गटात होतो. मी आम्हाला तिथेच ठेवणार आहे."

हे त्याने अगदी ठामपणे सांगितलं. जन्मभर शहरात बस चालवलेला माणूस होता तो; कुठली गोष्ट जमणार नाही असं त्याला सहसा वाटत नसे. फोनवर बॅकगॅमन खेळायचं वेड मात्र मूळचं त्याचं नव्हतं, बायकोचं. ती प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. सगळा वॉर्ड तिला सिस्टर म्हणायचा म्हणून तोही चेष्टेने सिस्टर म्हणायला लागला आणि ते तोंडात बसलं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा होणारा जावई पहिल्यांदा घरी आला. सासरा सासूला सिस्टर म्हणतोय हे ऐकून बिचारा पाण्याचा पेला हातात धरून तसाच बसून राहिला होता.

खेळ तसा सोपा. दोन फासे, दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या. आपल्या सोंगट्या पटभर फिरवून आपल्या घरात आणायच्या आणि मग एकेक करून पटावरून उतरवायच्या. ज्याच्या सगळ्या आधी उतरल्या तो जिंकला. वाटेत कुणाची एकटी सोंगटी सापडली तर ती मारायची. मग तिला मारणाऱ्याच्या घरातून पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं, आणि तिथे जागा नसेल तर बाहेरच थांबावं लागतं.

दोघांचं मिळून एकच खातं होतं. नाव ठेवलं होतं 'मागची सीट', कारण सिस्टरचं म्हणणं असं की ती मागे बसून गाडी हाकते. आणि एक नियम होता. दान पडलं की आधी भांडायचं. दोघांचं एकमत झाल्याशिवाय सोंगटीला बोट लावायचं नाही. तो नेहमी म्हणायचा, पळ. मागच्या सोंगट्या लवकर घरी आण, उगाच उशीर नको. ती म्हणायची, "अहो, थांबा जरा. तुमची बस नाही सुटत." समोरच्याच्या घरात दोन सोंगट्या ठेवून ती निवांत बसायची. समोरच्याला कधीतरी वाट करून द्यावीच लागेल, कधीतरी त्याची एखादी सोंगटी एकटी पडेलच, एवढंच तिचं शास्त्र. वाट बघायचाच तर तिला पगार मिळत होता.

हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून तो प्रत्येक भांडण जिंकत होता आणि जवळजवळ प्रत्येक सामना हरत होता.

आज समोर दातवाले डॉक्टर होते. खरे कोण, कुठले, कुणास ठाऊक. पण एकदा ऐन डावात "थांबा, पेशंटचं तोंड उघडं आहे" असं त्यांनी लिहिलं होतं, तेव्हापासून घरात त्यांचं हेच नाव. जुने गडी. मागच्या महिन्यात ड्रायव्हरला हरवल्यावर त्यांनी लिहिलं होतं, "हल्ली फार घाईत असता." त्याने उत्तर दिलं नव्हतं.

सामना सात गुणांचा. पाच-पाच अशी बरोबरी झाली होती. या डावात डॉक्टर पुढे होते. त्यांच्या सोंगट्या घराकडे निघाल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या दोन अजून त्यांच्याच घरात अडकलेल्या. तेवढ्यात डॉक्टरांनी डाव दुप्पट केला.

ड्रायव्हरने फोन मांडीवर ठेवला. "बघ बरं इकडे," त्याने हाक मारली.

लेक हातात कोट घेऊनच बाहेर आली. "मला यातलं काही कळत नाही."

"कळायची गरज नाही. ते म्हणतात, हा डाव दोन गुणांचा करू. सोडला तर त्यांना एक गुण जातो आणि पुढचा डाव खेळता येतो. घेतला तर हाच शेवटचा. जो जिंकेल तो जिंकला."

"मग सोडा की. हरतायच ना?"

"हरत नाही. मागे आहे."

"तेच ते. आणि या दोघी इतक्या लांब काय करतायत? घरी आणा त्यांना. सगळे पोहोचले, या अजून तिकडेच."

ड्रायव्हरने मान वर केली. हे त्याचंच बोलणं होतं. शब्दाला शब्द त्याचं, आणि लेकीच्या तोंडून ऐकायला फार पोरकट वाटत होतं.

"अगं, थांब जरा," तो म्हणाला. "त्यांना त्यांच्या सगळ्या सोंगट्या आमच्या या दोघींच्या नाकासमोरून न्यायच्यात. एखादी एकटी पडेलच."

"आणि नाही पडली तर?"

"तर हरलो. पण पळून तर नक्कीच हरतो. शर्यतीत आपण कुठेच नाही."

इतके महिने खुर्चीत एकटा बसून त्याला सिस्टरची ही बाजू एकदाही बोलता आली नव्हती. बोलणार तरी कुणाशी? त्याच्यासारखं 'पळ' म्हणणारं कुणी समोर नव्हतं.

त्याने डाव घेतला.

डॉक्टर खेळले. मग त्याचं दान पडलं, सहा-पाच.

"आता तरी एकीला काढा," लेक म्हणाली. ती खुर्चीच्या हातावर टेकली होती. "सरळ निघते बाहेर."

"निघते. आणि दुसरी एकटी राहते. जोडी मोडायची नाही." त्याने पुढच्या सोंगट्या हलवून आपलं घर बंद करत आणलं.

"तुम्ही ना बाबा, हट्टी आहात."

"हट्टी तुझी आई होती. मी शिकाऊ आहे."

लेक हसली आणि कोट मांडीवर घेऊन नीट बसली. पुढची पाच-सहा दानं ती पळा म्हणत राहिली, तो थांब म्हणत राहिला. डॉक्टरांच्या सोंगट्या घरात पोहोचल्या, एकेक उतरू लागल्या. चौथी उतरली आणि पुढचं दान त्यांना वाईट पडलं. नाइलाजाने जोडी मोडावी लागली, एक सोंगटी उघडी पडली.

"ही एकटी आहे ना?" लेकीने हळूच विचारलं.

"आहे."

"मग मारा."

"दान तर पडू दे."

दान पडलं. नेमकं तेच पडलं, आणि त्याने ती मारली. लेकीने त्याच्या खांद्यावर थाप दिली, तर तो म्हणाला, "इतक्यात नको." आता डॉक्टरांच्या सोंगटीला आत यायला त्याच्या घरात जागाच नव्हती. ती बाहेर खोळंबली. आणि आता मात्र पळायचं होतं. हे काम त्याचं. मागच्या दोघींना त्याने कुठेही न अडकवता, वळणं नीट घेत घरी आणलं. रोजचा रस्ता असल्यासारखं. शेवटची सोंगटी उतरली तेव्हा डॉक्टरांच्या अजून पाच पटावर होत्या.

पहिला गट टिकला.

डॉक्टरांचा निरोप आला. "आज जुनी मागची सीट भेटली. घरी सगळं ठीक?"

ड्रायव्हरने एका बोटाने, अक्षरं शोधत लिहिलं. "थांबणारी माझी बायको होती. ती हिवाळ्यात गेली. आज लेक शेजारी बसली होती."

मग उत्तर आलं, "मी त्यांच्याकडूनच हरायचो. पुढच्या रविवारी खेळू."

लेकीने ते वाचलं आणि कोटाची घडी घातली. "हे ठेवू या," ती म्हणाली.

"ठेव. आणि रविवारी जेवायला ये. जावयालाही आण."

"मला खेळ येत नाही, बाबा."

"शिकू नकोस," तो म्हणाला. "शिकलीस तर तूही थांब म्हणायला लागशील. मग पळ कोण म्हणणार?"